नाव माहीत असलेली रुग्ण

माझ्या कामात सगळ्यात आधी नाव खोडतात. डॉक्टरांकडून एखादी केस आली की रुग्णाचं नाव, गाव, हॉस्पिटलमधला नंबर, दाखल झाल्याची तारीख हे सगळं काढून टाकायचं आणि जे उरतं त्याचा लेख करायचा. मग अमुक गावच्या तमुक माणसाचा 'चाळिशीतील पुरुष' होतो. हा लेखही मी तसाच लिहिते आहे. यातली नावं बदलली आहेत. आमचं गाव आगरदांड्याच्या आसपास कुठेतरी आहे, एवढंच सांगते.

या अंकासाठी संपादकांनी 'घरून काम' या विषयावर मजकूर मागितला, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. एक म्हणजे मी शाळा इंग्रजीत शिकले. मराठीत इतकं सलग कधी लिहिलेलं नाही. दुसरं म्हणजे मला स्वतःबद्दल बोलता येत नाही. पण यात माझ्यापेक्षा दुसऱ्यांचंच जास्त आहे, म्हणून लिहिते.

आमच्या व्यवसायाला मेडिकल कम्युनिकेशन्स म्हणतात. डॉक्टरांकडे आणि औषध कंपन्यांकडे माहितीचा ढीग असतो, पण ती नीट मांडायला वेळ नसतो, कधी भाषाही नसते. ती आम्ही मांडतो. डॉक्टरांनी वाचायचे शोधनिबंध, परिषदेत दाखवायच्या स्लाइड्स, रुग्णांसाठी साध्या भाषेतली माहितीपत्रकं. लेखावर नाव डॉक्टरांचं असतं, शेवटी बारीक अक्षरात आमचे आभार. गावात याला 'डॉक्टरांचं टायपिंग' म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही.

पूर्वी नवी मुंबईत ऑफिस होतं. टाळेबंदीत सगळ्यांना घरी पाठवलं तेव्हा मी बॅग घेऊन गावी आले, ती तात्पुरती म्हणून. पुढे कंपनीने ऑफिसची जागाच सोडून दिली आणि तात्पुरतं कायमचं झालं. कंपनीचे नियम स्पष्ट होते. काम बंद होणाऱ्या दाराच्या खोलीत करायचं, घरच्यांच्याही कानावर काही जाता कामा नये. आमच्या घरात बंद होणारं दार सुपारीच्या खोलीला होतं. पोती एका भिंतीला लावून मी तिथे टेबल टाकलं. नेटवर्क फक्त खिडकीपाशी येई, म्हणून टेबल खिडकीला चिकटवलं. खिडकीसमोर आमचं कुंपण आणि पलीकडे कमलकाकींची वाडी.

आमच्यात जोडीने तपासण्याची पद्धत आहे. एकाने लेख मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ कागद समोर ठेवून प्रत्येक आकडा, प्रत्येक औषधाचं नाव जुळतंय का ते पाहायचं. ऑफिसमध्ये त्यासाठी काचेची खोली होती. इथे मी हेडफोन लावून सुपारीच्या खोलीत वाचत बसायची. आईला इंग्रजी फारसं येत नाही, पण 'एक्स्पायर्ड' हा शब्द कळतो. जेवताना विचारायची, "आज कोण गेलं गो?"

"कोणी नाही. जुनी केस आहे."

"जुनी असली तरी गेलं ते गेलंच ना," असं म्हणून ती भात वाढायची.

सुरुवातीला गमतीही होत्या. एक हृदयरोगतज्ज्ञ फक्त गाडी चालवतानाच बोलायचे. त्यांचा सगळा लेख मी हॉर्न आणि टोलनाक्यांमधून वेचून काढला. एका परदेशी प्राध्यापकांनी मधेच थांबून विचारलं होतं की तुमच्याकडे गोळीबार चालू आहे का. बाहेर नारळ पाडत होते. पण गमती लवकर संपल्या. ऑफिसमध्ये लेख बंद करून निघता यायचं, बसमध्ये बसेपर्यंत लेखातला माणूस मागे राहायचा. इथे मी दार उघडलं की स्वयंपाकघरात असायची, आणि तो माणूस सुपारीच्या पोत्यांपाशी. बाहेर पडायला जागाच नव्हती.

ती केस माझ्याकडे आली कारण टीममध्ये मराठी बोलणारी मी एकटीच होते. आमची मॅनेजर रिद्धिमा बंगळूरला असते. ती म्हणाली, "हे डॉक्टर मराठीत मोकळे बोलतात. तू कॉल घे, त्यांचं ऐकून पहिला मसुदा कर."

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. वय झालेलं, आवाज हळू. त्यांनी तीन-चार वर्षांपूर्वीची केस सांगायला घेतली.

"तरुण मुलगी. निरोगी. जेट्टीवर पाय घसरला आणि मनगटाच्या वर हाड मोडलं. साधं ऑपरेशन. भूल दिली आणि थोड्या वेळात अंग लाकडासारखं कडक व्हायला लागलं. ताप चढला. साधा ताप नव्हे हो, भट्टीसारखा. भूल देण्याच्या ठरावीक औषधांनी काही लोकांच्या स्नायूंत असं होतं. फार क्वचित. त्यावर एकच औषध आहे आणि ते आपल्याकडे सहज मिळत नाही. आम्ही मागवलं. ते पोहोचेपर्यंत ती राहिली नाही."

मी टाइप करत होते. वय, लिंग, ऑपरेशन, औषधं.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाले. "लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ऑक्सिजन मोजायचा क्लिप बोटाला लावतात ना, तो नीट आकडा दाखवेना. दोन्ही हातांना मेंदी होती. बोटांच्या टोकापर्यंत, काळीभोर. शेवटी कानाला लावला. बहिणीचा साखरपुडा तोंडावर आला होता म्हणे. मला ते हात आठवतात."

माझं टायपिंग थांबलं. ती मेंदी मी काढताना पाहिली होती. सुवर्णा, कमलकाकींची धाकटी. आख्ख्या आळीला तीच मेंदी काढायची. तिने त्या दिवशी आधी सगळ्यांचे हात रंगवले होते, माझेही, आणि मग स्वतःचे. माझा हात धरून म्हणाली होती, "किती थंड हात गो तुझा. विंग्लिश शाळेत बोलायची बंदी होती काय तुला?" मी हसले होते फक्त. दुसऱ्या दिवशी ती खाडीपलीकडे दिघीला काही आणायला गेली आणि फेरीबोटीतून उतरताना घसरली. हात मोडला हे सगळ्या गावाला माहीत होतं. दोन दिवसांनी ती गेली, तेव्हा काकींनी सांगितलं की हॉस्पिटलात डेंगू निघाला. कोणी जास्त विचारलं नाही. मोठी प्रणिता, जिचा साखरपुडा होता, तिचं लग्न पुढे साधेपणाने झालं आणि ती उरणकडे सासरी गेली. सासरचे न्हावा शेवाच्या बंदरातून कंटेनर वाहतात, घरचे ट्रेलर आहेत.

"ऐकताय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो सर."

"मग शेवटचा मुद्दा. हे घराण्यातून येतं. आईवडील, भावंडं, कुणातही असू शकतं. आणि आधी माहीत असेल तर काही म्हणजे काही अडचण नाही. आम्ही दुसरी औषधं वापरतो. घरच्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं, सगळ्यांनी तपासणीला या. नंतर फोन लावले, लागले नाहीत. तेव्हा लिहा, नातेवाईकांशी संपर्क होऊ शकला नाही."

मी ते लिहिलं. खिडकीतून कमलकाकी दिसत होत्या. झावळ्या ओढून एका बाजूला रचत होत्या.

त्यानंतर दोन दिवस मी मसुदा करत होते आणि स्वतःला सांगत होते की झालं ते झालं. तिसऱ्या दिवशी आई जेवताना म्हणाली, "प्रणिताच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले म्हणे. या शनिवारी ऑपरेशन हाय. कमल सांगत होती."

मी विचारलं, "भूल देणार?"

"ऑपरेशन म्हटल्यावर भूल देणारच की."

मी ताटावरून उठले आणि रिद्धिमाला कॉल लावला. ती कडक आहे, पण वाईट नाही. मी सगळं सांगितलं. 

मग ती म्हणाली, "तू ओळखलंस, म्हणजे या मसुद्यातून रुग्ण ओळखता येते. मेंदी काढ. जेट्टी काढ."

"काढते. आणि बहीण?"

"ते आपलं काम नाही. आपण लिहितो. केसमधली माहिती तुला कामातून मिळाली आहे, ती तू बाहेर वापरू शकत नाहीस. तू करारावर सही केली आहेस. मी क्लायंटकडे विषय काढते, पुढच्या मीटिंगला."

"ऑपरेशन शनिवारी आहे."

तिने कॅमेरा बंद केला, कॉल मात्र बंद केला नाही. "तुझा आवाज तुटतोय," ती म्हणाली. "मघापासून मला काहीच ऐकू आलेलं नाही. तू जे काही ठरवत असशील तेही नाही."

त्या दिवशी नेटवर्क स्वच्छ होतं. ती मला वाट करून देत होती की स्वतःला सोडवून घेत होती, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

मी आपणहून कुणाच्या घरी जात नाही. आईने पाठवलं तर वाटी घेऊन जाते, वाटी देऊन येते. कमलकाकींना मी रिकाम्या हाताने आलेली पाहून आश्चर्य वाटलं. त्या ओटीवर सुपाऱ्या निवडत होत्या. कसं सुरू करावं ते मला कळेना, म्हणून मी सरळच बोलले.

"काकी, सुवर्णाला डेंगू नव्हता ना?"

त्यांचे हात चालूच राहिले. "तुला कोनी सांगितलान?"

"माझ्या कामात असल्या गोष्टी येतात. भूल दिल्यावर तिचं अंग कडक झालं होतं. ते बहिणीलाही होऊ शकतं. प्रणिताच्या डॉक्टरांना सांगायला हवं."

मला वाटलं होतं त्या दचकतील, रडतील. त्या म्हणाल्या, "माहीत हाय मला. त्या डॉक्टरान तेव्हाच सांगितलान. रक्तातला हाय म्हनून."

"मग प्रणिताला?"

"तिला कशाला? साखरपुडा तोंडावर आलेला. एक पोर गेली, आनि दुसरीच्या रक्तात पन काय तरी हाय असा मी गावभर सांगू? कोन नेनार होता तिला? डेंगूला कोन नावं ठेवीत न्हाय." त्यांनी किडकी सुपारी अंगणात टाकली. "फोन येत होते तिथनं. मीच नंबर बदलायला लावला ह्यांना."

"काकी, तिला पूर्ण भूल देणार आहेत."

"दुर्बिनीनं करनार हायेत. चिरफाड न्हाय. थोडीशीच भूल लागते त्याला, जावई बोलला."

"दुर्बिणीचं असलं तरी पूर्णच भूल देतात. कमी नाही देत."

"तू डॉक्टर हायस?"

"नाही."

"टायपिंग करतेस ना? मग ता कर."

मी उठले. कुंपणापर्यंत पोहोचले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, आवाज न चढवता, "तिच्या सासूला कळला ना, तर माझी पोर नांदनार न्हाय. तेवढा ध्यानात ठेव."

मी तेवढं ध्यानात ठेवलं आणि प्रणिताला फोन केला. आमची मैत्री अशी कधी नव्हती. तिचा नंबर मला आईच्या फोनमधून घ्यावा लागला. तिने उचलला आणि मी नाव सांगताच म्हणाली, "सासूबाई हायेत इथे, वर जाऊन करते." थोड्या वेळाने तिचा फोन आला. मागे ट्रेलर मागे घेतल्याचा टूं टूं आवाज येत होता.

मी सांगितलं. मला अशा गोष्टी एका दमात सांगता येत नाहीत, त्यामुळे मधे मधे अडखळले. तिने मला तोडलं नाही.

शेवटी म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"ते तू त्यांनाच विचार," मी म्हटलं.

"होतं म्हणजे," ती म्हणाली. "आता मी काय करू?"

हे मात्र मला येत होतं. रुग्णांसाठी साधी वाक्यं लिहिणं हेच तर माझं काम. मी म्हटलं, "भूल देणारे डॉक्टर आधी तपासायला बोलावतील. त्यांना एवढंच सांग. माझी सख्खी बहीण हाताच्या ऑपरेशनला भूल दिल्यावर गेली. तिचं अंग कडक झालं आणि खूप ताप चढला. पुढचं ते समजतील."

मग आमच्या पद्धतीप्रमाणे मी तिला ते परत म्हणायला लावलं. पहिल्यांदा ती 'ताप' विसरली. दुसऱ्यांदा 'सख्खी' विसरली. तिसऱ्यांदा तिने सगळं नीट म्हटलं. खालून कुणीतरी हाक मारली तशी तिने फोन ठेवला.

पुढचं मला आईकडून कळलं, आईला बाजारात कुणाकडून तरी. प्रणिताने डॉक्टरांना सांगितलं. सांगताना सासू शेजारच्या खुर्चीवर बसली होती. प्रणिता एकटी डॉक्टरांकडे जाईल अशी वेळच आली नाही. डॉक्टरांनी शनिवारचं ऑपरेशन रद्द केलं आणि तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे वेगळी औषधं वापरून भूल दिली. खडे निघाले. ती ठणठणीत उठून बसली, तिसऱ्या दिवशी घरी आली. रक्त तपासणीसाठी पाठवलं होतं, त्याचा निकाल धड होकारार्थी नाही, धड नकारार्थी नाही, असा आला. या आजारात असं होतं. डॉक्टर म्हणाले, आहे असंच धरून चाला.

सासरच्यांनीही आहे असंच धरलं. 'डेंगू सांगून पोरगी गळ्यात मारली' असं सासू नात्यातल्या माणसांत म्हणाली. टाके सुकल्यावर प्रणिताला तिच्या लहान मुलीसह माहेरी आणून सोडलं, आराम कर म्हणाले. घरच्या एवढ्या गाड्या, पण तिला न्यायला अजून एकही आलेली नाही. फोन केला की सासू म्हणते, "नातीचीपन तपासनी करून घ्या, मग बघू."

आमचा लेख छापून आला. त्यात मेंदी नाही, जेट्टी नाही. प्रणिताच्या नव्या डॉक्टरांनी सुवर्णाच्या हॉस्पिटलमार्फत आमच्या डॉक्टरांना शोधून काढलं, त्यामुळे 'नातेवाईकांशी संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य बदललं. आता तिथे आहे, 'रुग्णाच्या बहिणीला सल्ला देण्यात आला व तिच्यावरील शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली.' ते वाक्य मीच लिहिलं. जोडीने वाचताना कॉलवर पलीकडून तपासणारी मुलगी म्हणाली, "चला, एकीचं तरी चांगलं झालं." मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

कमलकाकी आमच्याशी बोलत नाहीत. आईशीही नाही. आईने दोनदा कुंपणावरून हाक मारली आणि मग मारायची सोडली. मला ती एकदाच म्हणाली, "तीस वर्षांचा शेजार हाय गो."

टेबल अजून त्याच खिडकीपाशी आहे, कारण नेटवर्क तिथेच येतं. गेल्या महिन्यात एका सकाळी मी कॉलची वाट पाहत बसले होते, तेव्हा काकी आपणहून कुंपणापाशी आल्या. मला बरं वाटलं. मी हेडफोन काढला.

"त्या तपासनीचा काय लागला न्हाय ना?" त्यांनी विचारलं.

"नक्की काही कळलं नाही काकी. डॉक्टर म्हणतात, आहे असं धरा."

"आनि ऑपरेशन नीट झाला."

"हो."

"काय झाला न्हाय तिला."

"दुसरी औषधं दिली म्हणून नाही झालं."

"ता तू बोलतेस. डॉक्टर बोलतो." त्यांचा आवाज शांत होता, जणू भाजीचा भाव बोलत होत्या. "मला काय दिसला? पोर धडधाकट हाय आनि घरी बसली हाय. पहिल्या औषधान पन अशीच उठून बसली असती, तर? कशावरनं न्हाय? तू सांग."

मी असे प्रश्न रोज हाताळते. रुग्णांच्या माहितीपत्रकात 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' असतात, त्यांची उत्तरं मी लिहिते. मी तोंड उघडलं आणि मला दिसलं की याचं उत्तर फक्त एकाच प्रकारे सिद्ध होऊ शकलं असतं, पहिलं औषध देऊन प्रणिताही गेली असती तर. मी नजर ओटीकडे वळवली.

प्रणिता ओटीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिला तरी माहीत होतं. तिची मुलगी धावत कुंपणाकडे यायला लागली होती, माझ्या खिडकीकडे बोट दाखवत. प्रणिताने दोन पावलांत तिला गाठलं, कडेवर घेतलं, आणि काकींना म्हणाली, "चल आई, आत." मग माझ्याकडे न बघता दोघींना घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं.